प्रवरेकाठचे मोठे मांजर

मुंबई-पुण्याच्या माणसाला भंडारदरा ठाऊक असतो तो पाण्यासाठी. इगतपुरीला आगगाडीतून उतरावे, घोटीवरून एस. टी. धरावी, बारी गावाशी आले की मान वर करून ५,४०० फुटांच्या कळसूबाईला नमस्कार करावा आणि शेंडीच्या थांब्यावर पिशव्या सांभाळीत उतरावे, हा नेहमीचा क्रम. मग तीन दिवस नुसते पाणी पाहावयाचे. धरणाच्या भिंतीआड पसरलेला आर्थर लेक, पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी छत्रीसारखा उघडणारा अंब्रेला धबधबा, थोडे खाली गेल्यावर रंधा येथे कड्यावरून झेप घेणारी प्रवरा. रतनवाडीला जावे तर अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय, त्याच्या शेजारची पुष्करिणी, आणि वर रतनगड. त्या गडाच्या अंगावरच प्रवरेचा उगम आहे. तिला अमृतवाहिनीही म्हणतात. जेवणाला पिठले-भाकरी आणि ठेचा. वळवाच्या सुमारास गेलात तर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकताना दिसतात. मंडळी ते पाहून तृप्त होतात आणि परत येतात.

पण धरणापाशी उभे राहून ‘हे पाणी पुढे कोठे जाते?’ असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो आमच्या धाकट्या चिरंजीवांनी विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका अतिशय लाजाळू, भित्र्या आणि बिऱ्हाडासाठी वणवण करणाऱ्या प्राण्याच्या दाराशी जाऊन पोहोचलो.

हे धरण बांधावयास १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरे झाले. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि तहानलेली असते ती खालची संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची जमीन. वरचे पाणी अडवून खाली कालव्यांनी द्यावयाचे, हा ह्या उठाठेवीचा हेतू. पाणी आले, त्यामागून ऊस आला. प्रवरेच्या टापूतच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना हाताशी धरले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची साथ मिळाली आणि १९५० साली तेथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे अकोल्यापासून खाली नदीच्या दोन्ही अंगांनी उसाचे हिरवे रान उभे राहिले.

आता उसाचे शेत म्हणजे काय, हे बिबट्याच्या डोळ्यांनी पाहावे. पुरुषभर उंचीच्या वर गेलेले दाट गवत. आत सावली, गारवा, जवळच पाटाचे पाणी. वर्ष-सव्वा वर्ष कोणी आत फिरकत नाही. शेताच्या कडेला वस्ती, आणि वस्तीभोवती कुत्री, डुकरे, शेळ्या, कोंबड्या. लपावयास जागा आणि पोटाला अन्न, दोन्ही एका बांधावर. कोणाही मांजराला घर म्हणून आणखी काय हवे असते?

मांजर हा शब्द आम्ही गमतीने वापरलेला नाही. बिबट्या हा मांजराच्या कुळातलाच, आणि स्वभावाने आपल्या घरच्या मनीचा सख्खा नातलग. नव्या घरी आणलेली मांजर पहिले आठ दिवस कपाटामागून बाहेर येत नाही, हे ज्यांनी मांजर पाळले आहे त्यांना सांगावयास नको. बिबट्याचेही तसेच. माणसाचा खोकला ऐकला तरी तो पाऊल मागे घेतो. रात्री हिंडतो, दिवसा दडून राहतो, आणि आपल्याला कोणी पाहू नये एवढीच त्याची इच्छा असते.

अकोल्याच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो होतो. आमच्या सौ.नी टपरीवाल्या बाबांना भीत भीत विचारले, “बाबा, इकडे वाघ आहे म्हणतात, खरं का?”

“हाय की ताई,” बाबा कपबशा विसळता विसळता म्हणाले. “वाघरू रोजच्या वाटंचं हाय. रातच्याला बांधाबांधानं जातं. आपण खोकलायचं, न्हाईतर मोबाईलवर गाणं लावायचं. ते आपलं उसात, आपण आपलं घरात.”

बाबांनी दोन वाक्यांत सांगितले, तेच शास्त्रज्ञांनी पुढे मोजून दाखविले आहे. डॉ. विद्या अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच अकोल्याच्या परिसरात आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. हे काम २००८ सालचे. त्यावरचा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका चौरस किलोमीटरात ३०० हून अधिक माणसे राहतात अशी ही वस्ती. येथे ना हरीण, ना सांबर. तरीही दर १०० चौरस किलोमीटरांना सुमारे ५ मोठे बिबटे आढळले, आणि जवळजवळ तितकेच तरसही. हे बिबटे वाट चुकून आलेले नव्हते. ते तेथले रहिवासी होते. त्यांच्या खाण्याचाही हिशोब मांडला गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या गावात कुत्र्यांहून कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा थोडा, कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी. आणि दुःखाची गोष्ट अशी की ह्या मोठ्या मांजराच्या ताटात घरच्या लहान मांजरांचाही बराच भाग होता.

बिबट्या दिसला की गावोगावी एकच मागणी होते: पिंजरा लावा, धरा आणि दूर जंगलात नेऊन सोडा. मागणी ऐकावयास रास्त वाटते. घरात फार त्रास देणाऱ्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याची रीत आपल्याकडेही होती. आणि आठवड्याने तेच मांजर दाराशी येऊन कसे म्यावम्याव करते, ह्याच्या कथा घरोघरच्या आज्यांनी सांगितलेल्या आहेत. जे नदीपलीकडेच राहिले त्याचे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही.

ह्या पोत्याच्या रीतीचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला तो डोंगरापलीकडे, जुन्नर भागात. २००१ ते २००३ ह्या काळात तेथे शेतातून धरलेले बिबटे काही मैलांवरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. त्याआधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. ह्या काळात ते सरासरी १७ वर गेले. कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पिंजऱ्यातला मुक्काम, माणसांची गर्दी, मग अनोळखी मुलूख. तेथे लपण्याच्या जागा ठाऊक नाहीत, भक्ष्य कोठे मिळते ते ठाऊक नाही, आणि जी जागा मिळाली ती आधीच दुसऱ्या बिबट्याच्या मालकीची. इकडे मोकळ्या झालेल्या उसात नवा भाडेकरू यावयास वेळ लागत नाही तो नाहीच. भ्यालेले जनावर आणखी भ्याले की ते अंगावर येते. केंद्र सरकारने २०११ साली बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही असे स्थलांतर टाळण्यावरच भर दिला.

मग बिबट्याचे घर ठरवावयाचे कोणी? ह्या प्रश्नाचे उत्तर एका बिबट्याने स्वतःच चालून दाखविले.

२००९ सालच्या उन्हाळ्यात ह्याच जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला एक बिबट्या विहिरीत पडला. कठडा नसलेल्या विहिरी ही ह्या प्राण्याची मोठीच आपत्ती. वनखात्याने त्याला बाहेर काढले. तो इतका शांत आणि पोक्त वाटला की त्याचे नाव ‘आजोबा’ पडले. गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले आणि त्याच्या वाटेकडे अत्रेयबाईंचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे डोळे लागले.

आजोबा जे निघाले ते थांबेनात. दिवसा दडावयाचे, रात्री चालावयाचे. सह्याद्रीची कड धरून ते कसाऱ्याकडे आले. तेथे मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले. आपल्यापैकी कितीजण त्याच रुळांवरून नाशिकला जाताना खिडकीशी पेंगत असतील! मग वसईच्या कारखान्यांच्या बाजूने गेले, खाडी पोहून पार केली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात जाऊन टेकले. महिन्याभरात १२० किलोमीटरहून अधिक वाटचाल झाली, आणि वाटेत कोणा माणसाला त्यांनी नखही लावले नाही. ज्याला पत्ता पाठ आहे अशा माणसासारखी ती चाल होती. पुढे पट्टा बोलेनासा झाला. २०११ सालच्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. अंगात बसविलेल्या खुणेच्या चकतीवरून कळले की ते आजोबा होते. इतके रस्ते ओलांडून गेलेला प्राणी घराजवळच्या रस्त्यावर गेला. २०१४ साली त्यांच्यावर ‘आजोबा’ नावाचा मराठी बोलपटही निघाला.

सर्वांचे नशीब एवढेही नसते. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. वनखात्याच्या जोडीने २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तेथे काम पाहते. कोणी विहिरीत पडून जायबंदी झालेला, कोणाचा पाय सापळ्यात गेलेला, कोणी माणसाच्या हातात लहानाचा मोठा झाल्याने रानाला पारखा झालेला. जे बरे होऊन परत जाऊ शकतात ते जातात. बाकीच्यांना जन्मभर गजांआडच राहावे लागते. आपल्याकडच्या आश्रमातल्या मांजराला निदान एखादे प्रेमळ कुटुंब घरी नेण्याची आशा असते. ह्यांना कोण नेणार?

म्हणूनच तेथले लोक आणि वनखात्याचे कर्मचारी सर्वांत अधिक धडपड करतात ती पिले पिंजऱ्यापर्यंत येऊ नयेत ह्यासाठी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी सुरू होते. कोयत्याखाली सरी मोकळी होत जाते आणि मध्येच मुठीएवढाली पिले सापडतात, कधी डोळेही न उघडलेली. मांजर पिलांना सात घरे फिरवते म्हणतात. ही आईही फिरवतेच, पण त्या दिवशी ती जरा दूर असते. पूर्वी अशी पिले उचलून शहरात धाडीत. आता त्यांची तपासणी करतात, माणसाचा वास लागू नये म्हणून हातमोजे घालतात आणि संध्याकाळी खोक्यात ठेवून, सापडली त्याच जागी परत नेतात. मजूर दूर होतात. दिवे मालवतात. अंधार पडल्यावर आई येते, खोके हुंगते, एकेक पिलू मानेला धरून नेते. कॅमेऱ्यांत अशी दृश्ये कितीदा तरी टिपली गेली आहेत. घर शोधून देण्याची ही सर्वांत शहाणी तऱ्हा म्हणावी लागेल: जागा तीच, आई तीच, माणसाने फक्त बाजूला व्हावयाचे.

येथे कोणी म्हणेल, शहरात बसून हे सांगणे सोपे आहे. खरेच आहे. अलीकडच्या वर्षांत जुन्नर, शिरूर, संगमनेर ह्या भागांत बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. ज्या आईचे मूल अंगणातून नेले गेले तिच्यापुढे बिबट्याच्या लाजाळूपणाची गोष्ट काढण्याचे धाडस कोणी करू नये. माणसांवरच उठलेल्या जनावराला आवरलेच पाहिजे. पण दहा निरपराध बिबटे हलवून ते मूल वाचत नाही. ते वाचते बंदिस्त गोठ्याने, अंगणातल्या दिव्याने, घरातल्या संडासाने, सांजवेळी मुलांना एकटे न सोडल्याने, शेताला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाल्याने. ह्यांतल्या कितीतरी गोष्टी शेतकऱ्याला हव्याच आहेत. त्या मिळवून देणे हे सरकारचे आणि ती साखर चहात घालणाऱ्या आपल्यासारख्यांचेही काम आहे.

आपल्या दिवाळीचा आरंभ वसुबारसेने होतो. सवत्स धेनूची पूजा करून आपण शहरातही नैवेद्य दाखवितो, निदान गायीच्या चित्राला. भंडारदऱ्याच्या डोंगरांतल्या महादेव कोळी वाड्यांवर ह्याच दिवसाला वाघबारस म्हणतात. गुराखी शिवेवरच्या वाघोबाच्या शिळेला शेंदूर लावतात, खिरीचा नैवेद्य दाखवितात, ‘आमच्या गुराढोरांना सांभाळ’ म्हणून विनवितात. गाय आणि गायीला खाणारा, दोघांचा मान एकाच तिथीला. ह्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरे गमावली आहेत, तरी वाघोबाची जागा शिवेवर राखून ठेवली आहे.

तेव्हा ह्या सुट्टीत भंडारदऱ्याला गेलात तर पाणी अवश्य पाहा. पण परतताना एखादी संध्याकाळ राखून राजूरवरून अकोल्याकडे उतरा, अगस्ती ऋषींच्या मंदिराशी प्रवरेत पाय बुडवा. वाटेत उसाच्या कडेला दिव्याच्या उजेडात दोन डोळे चमकले तर गाडी थांबवू नका, खाली उतरू नका, छायाचित्राच्या मोहात पडू नका. मुलांना हळूच सांगा की कोणीतरी आपल्या घरी चालले आहे. आणि गाडी पुढे जाऊ द्या.