कोऱ्या चहाचं देणं

माझं आयटीआय दोन म्हशींनी पुरं केलं. कागल तालुक्यातलं आमचं गाव, सकाळ-संध्याकाळ डेअरीत किटली आणि दर दहा दिवसांनी येणारं बिल. बिल फॅटवर ठरायचं, त्यामुळे फॅट चांगली लागली की आई त्या दिवशी जरा जास्त बोलायची. कोल्हापूरला काही कामानं गेलो की वडील गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबायचे. समोर पिळलेल्या दुधाचा ग्लास, वर बोटभर फेस. आणि रविवारी मटण. पाहुणा आला तर बुधवारीसुद्धा.

असल्या घरातल्या पोरानं मटण सोडलं, दूधही सोडलं, आणि तेही चाकणला खानावळीत जेवून. माझ्या निश्चयाचं त्यात फारसं काही नाही. ज्यांचं आहे त्या आक्कांविषयी लिहितोय.

२०१८ साल. मी चौतीस वर्षांचा, सीएनसी मशीनवर, तिन्ही पाळ्यांत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ निघालं. शंभराच्या आसपास असावं म्हणतात. आमचे थोरले काका बावन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेलेले, म्हणून भोसरीतल्या एका डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, "गोळी आजही लिहू शकतो. पण आधी तीन महिने मटण, तूप, साय बंद करून या. मग बघू." माझं पोट रोज संध्याकाळी ढोलासारखं फुगायचं, तेही सांगितलं. दुधातली साखर पचवायची ताकद मोठेपणी पुष्कळांची कमी होते, आपल्याकडे तर फारच जणांची, असं त्यांनी समजावलं. दूधही सोडून बघायचं ठरलं. म्हशीच्या दुधाची फॅट साडेसहा-सात. जिच्यावर आयुष्यभर बिल घेतलं तीच आता रक्तात उतरली होती.

चिंचवडच्या एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. बदामाच्या दुधाचा एक लिटरचा खोका अडीचशेच्या पुढे. सोयाबीनचं पनीर त्याच्या शेजारी, त्याचीही किंमत बघून हात मागे घेतला. माझ्या खोलीचं भाडं साडेतीन हजार होतं. सोयाबीनच्या वड्यांचा एक पुडा घेऊन बाहेर पडलो आणि तिथेच वाटलं, हे पथ्य आपल्या पगाराचं नाही.

आक्कांची खानावळ खराबवाडीत, तळेगाव रस्त्याच्या आत. पत्र्याची शेड, लांब बाकडी, चाळीसेक पोरं: लातूर, बीड, जळगाव, थोडी बिहारची. आक्का भूम तालुक्यातल्या. गळ्यात माळ, कार्तिकीला आळंदी चुकायची नाही. बुधवारचं चिकन सून करायची, तेही बाहेरच्या शेगडीवर. आक्का त्या पातेल्याला शिवायच्या नाहीत.

"आक्का, मला आता मटण-चिकन नको."

"माळ घातलीस काय रं?"

"नाही, डॉक्टरांनी बंद केलंय."

"मंग बरंच की."

"आणि दूध, दही, ताक, तूपही नको."

भाकरी थापणारा हात थांबला. "दूध तर पांडुरंगालाबी चालतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा थापायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री माझ्या ताटाशेजारी जर्मनचं एक छोटं पातेलं आलं. आत येसराची आमटी. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ असं भाजून, मसाला घालून दळलेलं ते पीठ मराठवाड्यात लग्नाकार्याला लागतं. ते पाण्यात कालवून उकळलं की आमटीला असं अंग येतं की मला पहिल्या घासाला वाटलं, यात रस्सा मिसळलाय. विचारलंसुद्धा. आक्का हसल्या. मग रोज काहीतरी. मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट लावलेली अंबाडी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तांदुळजा. सकाळची पाळी असली तर हुलगे भाजून दळलेल्या पिठाचं गूळ घातलेलं माडगं, वाटीभर. ते पोटात असलं की दुपारच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या कशाची आठवण येत नाही.

महिन्याच्या शेवटी वेगळ्या स्वयंपाकाचे दोनशे रुपये जास्त ठेवले. त्यांनी ते परत सरकवले.

"ह्याला कशाचं पैसं? पैसं नव्हतं म्हनूनच तर आमी हे खाल्लं."

मग एका निवांत रविवारी त्यांनी १९७२ चा दुष्काळ सांगितला. आक्का तेव्हा सहा-सात वर्षांच्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, आक्का धाकट्या भावाला काखेत घेऊन रस्त्याच्या कडेला. तिथे मिळायची ती सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी कशी तुटायची ते त्यांनी हाताने करून दाखवलं. दावणीचं जनावर त्याआधीच विकलेलं, मग दूध कुठलं? पुढे पाऊस आला, दिवस पालटले, पण हुलगे, येसर, चटण्या ह्यांची घडी तीच राहिली. मॉलमध्ये ज्याला मोठं इंग्रजी नाव आणि त्याहून मोठी किंमत होती, ते ताट आक्का नाव न घेता वर्षानुवर्षं वाढत होत्या.

मटण सुटलं. चहा सुटेना. ज्याला कारखान्यात पाळी करायची सवय आहे त्याला विचारा, दहाच्या चहाशिवाय यंत्रसुद्धा वेगळं वाजतं. मी कोऱ्या चहात पिळायला खिशात लिंबू घेऊन जायला लागलो. लोक हसायचे. आक्का स्वतः वर्षानुवर्षं कोराच प्यायच्या, कारण दुधाची पिशवी नातवासाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. त्यांनी मला गवती चहा आणि आलं घालून, गूळ टाकून तो करायला शिकवलं आणि एक बाटली भरून द्यायला लागल्या. पाळी कुठलीही असो, बाटली तयार. रात्रपाळीला जाताना साडेनऊला ती हातात देणारं चाकणमध्ये माझं दुसरं कोण होतं?

"माळ घातली काय?" हा प्रश्न मात्र पिच्छा सोडेना. गेटवरचा वॉचमन, सुपरवायझर, न्हावी, सगळे. देहू-आळंदीच्या आसपासच्या ह्या पट्ट्यात मटण सोडायचं दुसरं कारणच कुणाला सुचत नाही. शेवटी मी "हो" म्हणायला लागलो. त्याचा परिणाम असा की एका सहकाऱ्यानं माझं नाव हरिपाठाला धरलं, आणि मला चार महिने दर गुरुवारी टाळ वाजवावे लागले.

घरी सोपं गेलं नाही. आईचा फोनवर एकच सवाल: "म्हशीनं काय घोडं मारलंय तुझं?" दिवाळीला गेलो तेव्हा तिनं नेहमीसारखा पेला भरून समोर ठेवला आणि आत गेली. वडिलांनी तो उचलला, प्याले आणि रिकामा पेला माझ्यापुढे ठेवला. ह्या विषयावर आम्ही दोघं आजवर बोललेलो नाही.

पाच महिन्यांनी एलडीएल १२९. पोट शांत. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. दीड वर्षानं त्यांनी बी-१२ तपासायला लावलं, ते बरंच कमी निघालं. ते म्हणाले, बाकी सगळं तुमच्या ताटात आहे, डाळी आहेत, तीळ-नाचणी घ्या, लोहासाठी भाजीवर लिंबू पिळा. पण बी-१२ झाडपाल्यात नाही. ते जिवाणू तयार करतात, गोळीतलंही जिवाणूंकडूनच करून घेतात, म्हणजे पथ्य मोडत नाही. मला पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना आठवला. १९५४ साली तो उभा राहिला तो बुरशीकडून पेनिसिलीन करून घ्यायलाच. ह्या गावाला असली कामं नवी नाहीत.

"नाही घेतलं तर?" मी विचारलं.

"हातापायांना मुंग्या. मग हळूहळू बधिरपणा. गरम-गार कळत नाही."

मी गप्प झालो. माझ्या डोळ्यांसमोर तवा होता. आक्का भाकरी उलटायच्या त्या नुसत्या बोटांनी, आणि नुसतं टोक धरून नाही, सगळी बोटं तव्याला लावून, सावकाश. चाळीस पोरांच्या भाकऱ्या, रोज. नवीन पोरं तोंडात बोट घालून बघायची. मीही बघत आलो होतो आणि म्हणत आलो होतो, काय हात आहे!

आक्का तपासायला तयार होईनात. "मुंग्या तर समद्यांनाच येत्यात." पंधरा दिवसांनी सुनेनं जवळजवळ ओढून नेलं. साखर व्यवस्थित होती. बी-१२ माझ्यापेक्षा खाली. मटण माळेमुळे नाही, दूध नातवाला, आणि हे कित्येक वर्षं. त्यांच्या ताटाला मी औषध म्हणत होतो. त्याच ताटानं त्यांच्या बोटांची जाण नेली होती. गरिबीचं खाणं पौष्टिक असतं असं आता कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी आक्कांचे हात सांगतो. जे खाणं पगारात बसवायला मी शिकलो ते चांगलंच आहे, मी अजून तेच खातो. पण त्याला एक स्वस्तातली गोळी जोडावी लागते, आणि ती त्यांना कुणी सांगितली नव्हती.

आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. मार्च २०२० ला खानावळ बंद पडली, पोरं पांगली, तेव्हाही गोळ्या मीच पोचवत होतो. दोनशे रुपये त्यांनी घेतले नव्हते, गोळ्या घेतल्या. पाहिजे तर हिशोब म्हणा, माझ्या लेखी तो जुळत नाही.

आता मी मोशीला राहतो, घरी स्वयंपाक आहे. महिन्यातून एकदा खराबवाडीला जातो. खानावळ पुन्हा सुरू आहे, बाकडी तीच. मागच्या खेपेला आक्का तव्यापुढे बसल्या होत्या. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, सवयीनं हात पुढे गेला आणि झटकन मागे आला.

"भाजतंय रं आता," त्या म्हणाल्या, आणि बाजूचं उलथणं घेतलं.