अकरावरून बावीसवर

2023 चे गणपती आठवड्यावर आले होते. 11 सप्टेंबरला गूगलने क्रोमसाठी तातडीची दुरुस्ती सोडली. दुपारच्या चहाला आमच्या ऑफिसातल्या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याने सहज विचारलं, "सर, आपल्या अ‍ॅपमध्ये कितवं क्रोमियम आहे हो?" मी गप्प बसलो, कारण मला ते माहीत होतं.

आमचं सॉफ्टवेअर किराणा दुकानांसाठी. काउंटरवर बिल करणारं, वजनकाट्यावरचा आकडा वाचणारं, थर्मल प्रिंटरवर पावती काढणारं. ते उभं आहे इलेक्ट्रॉनवर. 2013 मध्ये गिटहबच्या चेंग झाओ यांनी अ‍ॅटम एडिटरसाठी 'अ‍ॅटम शेल' लिहायला घेतलं, 2015 मध्ये त्याचंच नाव इलेक्ट्रॉन झालं. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड ही सगळी याच घराण्यातली. वेबपेज लिहिता येणाऱ्या माणसाला डेस्कटॉप अ‍ॅप लिहिता येतं, ही त्याची मोहिनी. त्याची किंमत अशी, की प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि शेजारी नोड बसलेला असतो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरचा क्रोम गुपचूप स्वतःला ताजा करून घेतो. आमच्या अ‍ॅपमधला मात्र आम्ही बदलू तेव्हाच बदलणार, आणि आम्ही तो बदललेला नव्हता. आमचं इलेक्ट्रॉन 11 होतं, म्हणजे क्रोमियम 87, नोव्हेंबर 2020 मधलं.

दुरुस्ती ज्या भोकासाठी होती ते लिबवेबपी या लायब्ररीत होतं. वेबपी चित्र उलगडताना हफमन तक्ते मांडण्यात चूक होत होती आणि मुद्दाम घडवलेलं चित्र नेमून दिलेल्या मेमरीच्या बाहेर लिहू शकत होतं. वापरणाऱ्याने काही उघडायची गरज नाही, चित्र नुसतं पडद्यावर आलं की पुरे. हल्ल्यांसाठी त्याचा वापर सुरूही झाला होता. आमच्या अ‍ॅपमध्ये मालाचा फोटो जोडायचं बटण होतं आणि फोटो यायचे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत.

आता जायचं कुठे? सर्वांत ताज्या आवृत्तीवर उडी मारावी, तर बऱ्याच दुकानांत विंडोज 7 होतं आणि त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती इलेक्ट्रॉन 22. तिच्यात क्रोमियम 108. तिला लिबवेबपीची दुरुस्ती मिळाली, पण तिचा आधार 10 ऑक्टोबर 2023 ला संपणार होता. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती 2021 पासून दर आठ आठवड्यांनी येते आणि आधार फक्त शेवटच्या तिघींना असतो. आम्ही तीन वर्षं "चाललंय ना, मग हात कशाला लावा" म्हणत बसलो होतो.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. फाइलमधला 11 हा आकडा खोडून 22 लिहिला, बिल्ड काढली आणि अ‍ॅप उघडलं. पांढरी खिडकी. एरर नाही, अक्षर नाही, काही नाही. मग मुकाट्याने परत 11 वर आलो आणि पायऱ्या मोजत चढायचं ठरलं: 12, 14, 20, 21, 22.

पांढऱ्या खिडकीचं कारण बाराव्या पायरीवरच सापडलं. तिथपासून काँटेक्स्ट आयसोलेशन आपोआप चालू असतं. म्हणजे प्रीलोड स्क्रिप्टने विंडोवर टांगून ठेवलेल्या वस्तू पानाला दिसत नाहीत, त्या रीतसर पुलावरून द्याव्या लागतात. आमचा सगळा संसार विंडोवर टांगलेला. एका ओळीत हे बंद करता येतं. तसं केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते, पण ज्या सुरक्षेसाठी निघालो तीच दाराबाहेर ठेवायची, हे बरं दिसलं नाही. चौदाव्यात रिमोट मॉड्यूल गेलं. पडद्याच्या बाजूने मेन प्रोसेसच्या वस्तू थेट हलवायची ती आयती सोय, आणि फार आळशी. तिची वेगळी पॅकेज म्हणून कुबडी मिळते, ती मात्र आम्ही काही दिवस वापरली. विसाव्यात सँडबॉक्स आला आणि प्रीलोडमधून फाइल वाचायची सवयही सुटली.

वजनकाट्याने खरा घाम काढला. काट्याशी सिरियल पोर्टवरून बोलणारं मॉड्यूल आम्हीच कधीकाळी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. नेटिव्ह मॉड्यूल त्या त्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावं लागतं, नाहीतर ते अंतर्गत आवृत्ती-क्रमांक 85 साठी बांधलंय आणि इथे 110 हवंय असा निरोप येतो. तेवढं ठीक. पण एकविसाव्यावर बांधूनही अ‍ॅप काट्यावर काही ठेवताच पडायचं, आणि तेही फक्त माझ्या मशीनवर. टेस्टिंगच्या टेबलावर तेच अ‍ॅप ठणठणीत! "सर, तुमचाच पायगुण," असं सांगून झालं. शेवटी कळलं, की टेबलावर 32-बिट बिल्ड होती आणि माझ्याकडे 64-बिट. एकविसाव्यापासून व्ही8 हे जावास्क्रिप्ट इंजिन आपली मेमरी एका पिंजऱ्यात ठेवतं, आणि बाहेरच्या मेमरीवर बेतलेला बफर त्याला चालत नाही. हा पिंजरा 64-बिटवरच असतो. आमचं मॉड्यूल नेमकं बाहेरची मेमरी जशीच्या तशी हातात द्यायचं. आता ते नक्कल करून देतं. बदल दोन ओळींचा, शोध चार दिवसांचा.

पडद्यावर सगळं जमलं तेव्हा नवरात्र होतं. तीन ओळखीच्या दुकानांत नवी बिल्ड टाकली. संध्याकाळी फोन. "साहेब, रुपया वर राहिला नि रक्कम खाली उतरली."

पावती 80 मिलिमीटरच्या रोलवरची. छपाईची रुंदी 72 मिलिमीटर, त्यात 576 ठिपके. त्या रुंदीत माल, नग, दर आणि रक्कम असे चार कॉलम आम्ही दाटीवाटीने बसवलेले. मध्यंतरी क्रोमियम 91 मध्ये तक्ते मांडायचा कोड नव्याने लिहिला गेला. जुना कोड कॉलमची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये धरायचा, नवा अपूर्णांकही मानतो. आमचा शेवटचा कॉलम केसभर अरुंद झाला आणि रुपयाचं चिन्ह व आकडा यांमधल्या रिकाम्या जागेवर ओळ मोडली. क्रोमियमची चूक नव्हती. आम्हीच जुन्या इंजिनाच्या मोजमापावर विसंबून कॉलम कापले होते.

दुसरी तक्रार एका होलसेलवाल्याची. त्याच्या ए-फोर बिलाचं पहिलं पान निम्मं कोरं राहू लागलं, एकूण आणि कराचा तक्ता सहीबरोबर दुसऱ्या पानावर गेला. क्रोमियम 108 मध्ये छपाईची मांडणीही नव्या इंजिनाकडे आली होती. आमच्या स्टाइलशीटमध्ये कुणीतरी कधीतरी 'ब्रेक-बिफोर: अव्हॉइड' लिहून ठेवलं होतं, म्हणजे याच्या आधी पान तोडू नका. जुनं इंजिन छापताना त्याकडे बघतच नसे. नव्याने ते वाचलं आणि पाळलं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

सगळ्या दुकानांत अपडेट द्यायला दिवाळी आडवी आली. वर्षाची कमाई त्या पंधरवड्यात, काउंटरवरच्या मशीनला कुणी हात लावू देईना, आणि त्यांचं बरोबरच होतं. भाऊबीज झाल्यावर 22 गेली. तोवर 22 चा आधार संपून महिना उलटला होता. विंडोज 10 वाल्यांना पुढच्या आवृत्तीवर न्यायला मात्र फार दिवस लागले नाहीत.

विंडोज 7 वाले 22 वरच राहिले. त्यांच्या बिल्डमधून आम्ही फोटो जोडायचं बटण काढून टाकलं. त्याबद्दल आजवर एकाही दुकानातून फोन आलेला नाही.