उशिरा उभारलेले शीड

तेल्हाऱ्यापासून समुद्र फार दूर आहे. अकोल्याला जाऊन रेल्वे धरली तरी तेथून मुंबई ५८० किलोमीटरच्या आसपास. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या पायथ्याशी वारी भैरवगडाजवळ वान नदी अडवून झालेला हनुमान सागर आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, एवढाच या तालुक्याचा पाण्याशी संबंध. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारे पाणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. विहिरीचे पाणी ओठाला लागले की कळते. मात्र त्या खारेपणाला लाट नाही, भरती नाही आणि पैलतीरही नाही.

माणसे येथून समुद्राकडे गेली नाहीत, कापूस मात्र गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलच्या बाजाराला वऱ्हाडची आठवण झाली. अमरावतीच्या नावावरून येथील कापसाला तिकडे ‘ऊमरा’ म्हणत. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी मुंबईहून विलायतेला जाणारा हा माल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाई. वऱ्हाडच्या काळ्या मातीत उगवलेला कापूस त्या वादळी टोकाला वळसा घालून आला. तो पिकविणारे आणि त्याचा व्यापार करणारे मात्र आपापल्या शेतात आणि गादीवरच राहिले. लिव्हरपूलच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या व्यापाऱ्याला जहाज ठाऊक होते ते भाडे, विमा आणि विलंब यांच्या रूपाने. सुकाणू हाती धरण्याचे काम दुसऱ्या कुणाचे, अशी वाटणी ठरून गेलेली होती.

अशा गावातल्या गृहस्थाने पन्नाशी-साठीला शिडाची नाव चालवायला शिकण्याचा विचार बोलून दाखवला, तर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आता या वयात?’ आणि दुसरा, ‘तेल्हाऱ्यात राहून?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोहोंना उत्तर देणारी एक हकीकत महाराष्ट्रातच घडून गेली आहे. तिची सुरुवातही समुद्रकिनाऱ्यावर झालेली नाही. ती फलटणजवळच्या एका कोरड्या गावातली आहे.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी या गावी राहू लागले. फलटण तालुका म्हणजे पाण्याची वाट पाहणारा मुलूख. तेथे राहून या माणसाने ध्यास घेतला तो असा, की एका भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. २००६ साली नौदलाने हा प्रकल्प हाती घेतला तेव्हा आवटी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. स्वतः जाणे शक्य नव्हते. जाणारा शोधायचा होता.

तो मिळाला. कमांडर दिलीप दोंदे, नौदलातले पाणबुडे, वय अडतीस. नौदलाच्या ‘तरंगिणी’ या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, पण मोठ्या जहाजावर अनेकांपैकी एक असणे वेगळे आणि छप्पन्न फुटी नौकेवर एकटे असणे वेगळे. हे काम देशात त्यापूर्वी कोणी केलेलेच नसल्यामुळे शिकवणाराही देशात नव्हता. दोंदे इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काही आठवडे राहिले. १९६९ साली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा हा जगातला पहिला माणूस. आणि त्याची ती नौका, ‘सुहैली’, बांधली गेली होती मुंबईत, सागवानाची. विद्या इंग्लंडहून आणावी लागली, लाकूड मात्र घरचेच होते, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या कानाला गोड लागेल.

तेथे हा चाळिशीच्या जवळ आलेला नौदल अधिकारी शिकाऊ म्हणून वावरला. नंतर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौका आकाराला येऊ लागली. नकाशे हॉलंडचे होते. दांडेकरांनी तोवर अशी नौका बांधलेली नव्हती. म्हणजे बांधणारा नवखा आणि चालवणारा नवखा. एखाद्या सावध पेढीने या दोघांना कर्ज दिले असते का, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. मांडवी नदीचे वरच्या अंगाचे नाव ‘म्हादेई’, तेच नौकेला दिले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या चार मुक्कामांनंतर १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. ऊमरा कापूस ज्या टोकाला वळसा घालून जात होता, तेच टोक ओलांडून.

प्रौढ माणसाला शीड शिकणे अवघड का जाते, हे पाहण्यासारखे आहे. अंगात ताकद कमी म्हणून, असे वरवर वाटते. लहान नावेला ताकद फारशी लागत नाही. अडचण वेगळी आहे. पहिल्याच दिवशी सुकाणूचा दांडा हाती येतो आणि तो उलटा चालतो. दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते. तीस वर्षे स्कूटर आणि मोटार चालवलेल्या हाताला हे पटत नाही. लहान मूल दोन वेळा चुकते, हसते आणि तिसऱ्या वेळी त्याचा हात आपोआप बरोबर जातो. प्रौढ माणूस आधी कारण विचारतो, कारण समजले की मान डोलावतो आणि पुन्हा चुकीच्या बाजूला ढकलतो.

दुसरा धडा वाऱ्याचा. शिडाची नाव वारा जिकडून येतो त्या दिशेला सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला निषिद्ध असतो. त्यात नाक घातले की शीड फडफडते आणि नाव जागच्या जागी उभी राहते. पण निषिद्ध पट्ट्याच्या कडेकडेने ती जाऊ शकते. थोडे डावीकडे तिरके, मग नाक फिरवून थोडे उजवीकडे तिरके, असे नागमोडी जात जात ती अखेर वाऱ्याच्या उगमाकडेच पोहोचते. हे कसे होते याचे मर्म दोन ठिकाणी असते. फुगलेल्या शिडाची वक्र पाठ पक्ष्याच्या पंखासारखे काम करते आणि नावेला ओढते. तळाशी पाण्यात उतरवलेली उभी फळी तिला आडवे घसरू देत नाही. दोन्ही मिळून आडवा जोर पुढच्या चालीत बदलतो. बाजार विरुद्ध असताना माल कसा काढावा हे ज्याला कळते, त्याला ही चाल समजावून सांगायला फार वेळ लागू नये. तरीही नवखा प्रत्येक वेळी समोरच्या खुणेकडे सरळ जाऊ पाहतो आणि उभा राहतो.

तिसरा धडा बुडण्याचा, म्हणजे नाव उलटण्याचा. लहान नाव शिकवताना ती मुद्दाम उलटवायला लावतात. अंगात तरंगते जाकीट असते, जवळ दुसरी बोट असते. शिकणाऱ्याने पाण्यात पडायचे, वळसा घालून नावेच्या तळाकडे जायचे, उभ्या फळीवर भार देऊन तिला पुन्हा सुलटी करायचे आणि आत चढायचे. ज्याचा शब्द दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी मोडत नाही, ज्याच्यासमोर मुनीम उभा राहून बोलतो, त्या माणसाने भिजलेल्या कपड्यांत, धापा टाकत, पंचविशीच्या प्रशिक्षकाकडून ‘काका, पुन्हा एकदा’ ऐकायचे असते. येथेच पुष्कळ जण थांबतात. त्यांना पाण्याचे भय नसते, चारचौघांत अजाण दिसण्याचे असते.

वास्तविक व्यापारी घराला शिकाऊपण नवे नाही. जुन्या पेढ्यांवर मालकाचा मुलगादेखील आधी दुकान झाडायचा, वजने पुसायचा, सुतळीने गठ्ठे बांधायचा. रोकड त्याच्या हाती येई ती वर्षा-दोन वर्षांनी, आणि खतावणी त्याहून पुढे. त्या वयात चुकल्याची लाज वाटत नसे. एकदा गादीवर बसल्यावर मात्र सगळे येते असे गृहीत धरले जाते आणि माणूसही हळूहळू ते खरे मानू लागतो. नावेतली पहिली गाठ बांधताना हे गृहीतक सुटते. ताण आल्यावर न सरकणारी आणि तरीही हवी तेव्हा चटकन सुटणारी ती गाठ सुतळीच्या गाठीहून अगदी निराळी. सराईत बोटांना ती आधी विसरूनच शिकावी लागते.

आयंबिल ओळीच्या दिवसांत श्रीपाल-मयणासुंदरीचे चरित्र ज्यांनी ऐकले आहे, त्यांना भरूचच्या बंदरात अडकून पडलेली धवल शेठांची जहाजे आठवतील. शेठ अनुभवी, ताफा मोठा, तरी जहाजे हलत नव्हती. नवपदांचे स्मरण करून ती चालती केली श्रीपालाने, आणि तो काही दर्यावर्दी नव्हता. कथा श्रद्धेची आहे, तिला नौकाशास्त्राचा आधार बनवू नये. पण जहाजावर सर्वांत निरुपयोगी ठरली ती शेठजींची शेठगिरी, हे त्या कथेत स्पष्ट दिसते.

समुद्र दूर आहे, या सबबीचे काय झाले तेही पाहावे. दोंदे परत आल्यावर त्यांच्याकडून शिकणाऱ्यांत नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, पायल गुप्ता देहरादूनच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या आणि पी. स्वाती विशाखापट्टणमच्या. सहांपैकी पाच जणींच्या गावाला समुद्र नाही. त्या ‘म्हादेई’वर शिकल्या, २०१६ साली मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ या नौकेतून निघाल्या. हीही दांडेकरांनीच बांधलेली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, त्या गोव्यात पोहोचल्या. अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल. आवटींना हे पाहायला मिळाले; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

दोंदे यांच्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी पुढे त्याच ‘म्हादेई’तून न थांबता एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ३१ मार्च २०१३ रोजी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दिलना आणि रूपा या दोन अधिकारी २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’तून जगाला फेरी मारून आल्या. पेढीचे काम असेच एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

तेल्हाऱ्याच्या गृहस्थाला जगाची फेरी मारायची नाही. त्याला एक दुपार वाऱ्यावर काढायची आहे. त्यासाठी मुंबईच्या बंदरातले नौकानयन क्लब आहेत, पण समुद्रच हवा असेही नाही. पुण्याजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या जलाशयावरच शीड शिकतात. हैदराबादच्या हुसेन सागरावर, ऐन शहराच्या मध्यभागी, शिडाच्या नावांच्या राष्ट्रीय शर्यती भरतात, आणि अकोल्याहून पूर्णा-नांदेडमार्गे हैदराबादला रेल्वे जाते. मुंबईच्या समुद्रावर पावसाळ्यात नावा बाहेर काढत नाहीत, तेव्हा तिकडचा बेत पावसाळा सरल्यावरचा ठेवावा. दिवाळीचा हिशेब उरकून निघणे व्यापाऱ्याला सोयीचेही पडते. थोडे पोहता येत असावे, आणि जाकिटाचे बंद स्वतः तपासून बांधावेत. रक्तदाब किंवा हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून जावे. चष्म्याला दोरी लावावी. नातू बरोबर येत असेल तर आनंदाने न्यावा, मात्र पहिले दोन दिवस त्याच्या नावेत बसू नये. मूल दुसऱ्या दिवशी शिकते आणि तिसऱ्या दिवशी आजोबांना शिकवू लागते.