पिशवीत काय होते?

माणसाची पारख आपल्याला चांगली साधते, असे आपणांपैकी बहुतेकांना वाटत असते. मलाही वाटत असे. पस्तीस वर्षे शाळेत शिकविले, शेकडो मुले हाताखालून गेली. चेहरा पाहिला की माणूस कळतो, असे मी घरी अभिमानाने बोलूनही दाखवीत असे. हा अभिमान हेब्बाळच्या तळ्याकाठी एका सकाळी उतरला. त्या गोष्टीला आता काही वर्षे लोटली, परंतु ती सांगितल्यावाचून मन हलके व्हावयाचे नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे बंगळुरास राहावयास आलो. शहराच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेब्बाळ लागते. एका अंगाला उड्डाणपुलावरून वाहनांचा अखंड लोंढा चाललेला असतो आणि दुसऱ्या अंगाला हे विस्तीर्ण तळे. हिवाळ्यात तेथे पक्ष्यांची दाटी असते. त्या दिवसांतील एका सकाळी एक म्हातारा पाण्याकाठी उकिडवा बसलेला मला दिसला. डोक्याला रंगीत फडके, शेजारी तोंड बांधलेली कापडी पिशवी. तो तोंडाशी हात नेऊन पक्ष्यासारखा आवाज काढीत होता, आणि आश्चर्य असे की पाण्यातील दोन काळे पक्षी माना वळवून त्याच्याकडे येत होते.

"तू कोण रे? इथे काय करतोस?" मी हिंदीत दरडावून विचारले.

"हक्कीपिक्की," तो म्हणाला.

कन्नडात 'हक्की' म्हणजे पक्षी. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून पोट भरणाऱ्या या जमातीचे नाव मी ऐकून होतो. ते ऐकताच माझा संशय संशय राहिला नाही, त्याची खात्री झाली. मी त्याला पिशवी उघडावयास सांगितले. फिरावयास आलेले तिघेचौघे भोवती जमले. म्हाताऱ्याने एकदा आम्हां सर्वांकडे पाहिले आणि मुकाट्याने गाठ सोडली. आत केसांच्या तेलाच्या चार बाटल्या होत्या. त्यांच्याखाली घडी घातलेले एक दुपटे आणि एक चिमुकले टोपडे होते.

त्याची सून जवळच्याच रुग्णालयात बाळंतपणासाठी आली होती. बायकांच्या गर्दीत आपले काय काम, म्हणून तो तळ्यावर येऊन बसला होता. जमलेल्यांपैकी कोणी हसले, कोणी घड्याळ पाहिले आणि सारे पांगले. मी मात्र जागचा हलू शकलो नाही.

ही खात्री माझ्या मनात आली कोठून? माझे बालपण सोलापुरात गेले. मूल जेवेना, झोपेना, की "फासेपारध्याला देऊन टाकीन," असा धाक आमच्या घरी घालीत. पारधी म्हणजे चोर, हे मी मुळाक्षरांच्याही आधी शिकलो. इंग्रज सरकारने तर १८७१ साली कायदाच केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवीत कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे ते तर्कशास्त्र! सोलापूरच्या 'सेटलमेंट'भोवती काटेरी तारा होत्या आणि आतल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे, हे वडील सांगत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तारा निघाल्या. माझ्या मनातील तार मात्र तेवढी शाबूत राहिली होती.

वाचकहो, सावधगिरी बाळगू नये, असे मी म्हणत नाही. अनोळखी मनुष्य कुलपाशी खटपट करताना दिसला, तर हटकलेच पाहिजे. तो व्यवहार आहे. परंतु व्यवहारबुद्धी माणसाची कृती पाहते, पूर्वग्रह त्याचे नाव ऐकूनच थांबतो. आपल्यांतला कोणी चोरी करतो तेव्हा 'तो वाईट निघाला' असे आपण म्हणतो, परक्याने केली की 'ते लोकच तसले' असे म्हणतो. आणि त्या लोकांतील शंभर माणसे सरळपणाने जगली, तरी त्यांची नोंद आपल्या वहीत होत नाही. बंगळुरात घर शोधताना "तुम्ही कुठले?" एवढेच विचारून एका घरमालकाने माझ्या मुलाला परत पाठविले होते, तेव्हा मी किती संतापलो होतो! तोच मी आज तळ्याकाठी उभा होतो.

मी खाली बसलो. "आपण" म्हणून बोलावयास आरंभ केला, कारण तो माझ्याहून वयाने मोठा होता, हे मला आता दिसले. तो महाराष्ट्रात जत्रांतून हिंडलेला असल्यामुळे मोडके मराठी बोलत होता. तरुणपणी त्याने तित्तिर, लावे धरले होते. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, पुढे जाळे सुटले, आणि घरची माणसे तेल विकू लागली.

"जाळं टाकलं साहेब. पाखरं कशी विसरणार?" तो म्हणाला.

पाण्यातील ते काळे पक्षी दाखवून मी 'बदके' म्हणालो, तेव्हा तो प्रथमच हसला. तेवढ्यात एक पक्षी काठावर चढला. "पाय बघा," तो म्हणाला. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो, याची बोटे सुटी आणि झालरीसारखी पसरट होती. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे ज्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात, तोच हा पक्षी. इतके दिवस मी दुरूनच बदक म्हणून मोकळा होत होतो.

जाताना मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "पिशवी बघितल्याचं काही नाही साहेब. सगळ्यांचीच बघितली असती, तर मलाही काही वाटलं नसतं."

त्याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. पिशवी मी चौघांदेखत उघडविली होती. क्षमा मागितली तेव्हा आम्ही दोघेच होतो. त्या चौघांना मी पुढे गाठून झाला प्रकार सांगितला. म्हातारा मात्र पुन्हा दिसला नाही. नातू झाला की नात, हे विचारावयाचेही राहून गेले.