पाऊण तासाचा विसावा

परमुलखात जावे की न जावे, या विवंचनेत जो पडला आहे त्याला सल्ला देणारे कधी शोधावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या प्रवासाचा बेत करण्याइतके बिनखर्चाचे सुख जगात क्वचितच असेल. वारज्यातील आमच्या आळीला अलीकडे हे सुख यथेच्छ लाभले आहे. शेजारचा एक तरुण बारा वर्षे ट्रक चालवीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्या मनुष्यबळात परिचारिका आणि वीजतंत्री यांच्या पंक्तीला ट्रकचालकही होते. ही बातमी त्याच्या कानी पडली, आणि तेव्हापासून ‘जर्मनीला जावे का?’ हा प्रश्न त्या घरात मुक्कामाला आला आहे.

घर सोडून इतक्या दूर कसा राहशील, हा सर्वांचा पहिला आक्षेप. त्यातला विनोद कोणाच्याच लक्षात येत नाही. हा गृहस्थ महिन्यातून चार-पाच रात्री घरी निजला तर त्याच्या आईला सण वाटतो! मुंबई-बंगळूर महामार्ग वारज्याला लागूनच जातो. त्यामुळे बंगळूरचा माल भिवंडीस नेताना तो कितीदा तरी स्वतःच्या घराजवळून जातो. पण माल ठरल्या वेळी पोचवायचा असल्यामुळे थांबत नाही. ज्याचे घर वाटेवर असूनही वाटेत लागत नाही, त्याला अंतराची भीती कोणी घालावी?

खरी हानी मला निराळीच दिसते. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्याला निदान भाषा तरी नवी शिकावी लागली नाही, आणि गणपतीला, शिमग्याला गावी परतण्याची वाटही मोकळी होती. या तरुणाची विद्या रस्त्याशी बांधलेली आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत जो उतार लागतो, तेथे डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्यांचे काय होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने कोणत्या गिअरमध्ये चढावा आणि रात्री कोणत्या ढाब्यावर गाडी निर्धास्त उभी करावी, हे त्याला कोणी शिकविले नाही. ही विद्या पेटीत भरून नेता येत नाही. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपला परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फार तर सहा महिने चालतो. पुढे त्यांची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांच्या उस्तादाने पुन्हा उमेदवार व्हायचे, आणि तेही परक्या भाषेत!

हे सर्व मी त्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. आता तो पगाराची गोष्ट काढील, अशी माझी अटकळ होती, परंतु त्याने विचारले, “काका, तिकडं साडेचार तासांनी गाडी थांबवावीच लागते म्हणतात. खरंय का?”

ते खरे आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी हाकल्यावर चालकाने पाऊण तास विसावा घेतलाच पाहिजे. दिवसाकाठी नऊ तास गाडी हाकावी. आठवड्यातून दोनदा फार तर दहा. गाडीतच बसविलेले एक यंत्र हा हिशेब टिपत असते. शिवाय जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकांना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर येण्यास सर्वसाधारणपणे बंदी असते. रविवारची गोष्ट ऐकून तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि मालक काही बोलत नाही?”

या प्रश्नाने मला जितके अस्वस्थ केले तितके त्याच्या जाण्याच्या विचाराने केले नव्हते. कारण हा विसावा काही युरोपाने शोधून काढलेला नाही. आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. माझ्या शेजाऱ्याचा जन्म होण्यापूर्वीच त्याची विश्रांती मंजूर झाली होती. फक्त ती त्याला कोणी कळविली नाही. तिकडे घड्याळ गाडीत बसविले आहे, आपण ते पुस्तकात ठेवले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे आपण सक्तीचे केले. चालकालाही उकडते, एवढे आपल्याला पटले आहे. त्याला झोपही येते, हे पटण्यास आणखी किती काळ लागेल?

सल्ला मागितलाच होता, म्हणून मी दिला. आधी भाषेचा अभ्यास कर. परवान्याची परीक्षा नीट समजून घे. जाण्यासाठी कर्ज काढून कोणा दलालाच्या हाती पैसा देऊ नकोस. त्याचा निश्चय अजून झालेला नाही, आणि तो माझ्या शब्दाने व्हावा अशी माझी इच्छाही नाही. परंतु त्याला पैशाचा लोभ सुटला आहे, असे आळीत कोणी म्हणू लागले की मला राहवत नाही. तो सातासमुद्रांपलीकडे जे शोधायला निघाला आहे, ते म्हणजे पाऊण तासाची विश्रांती आणि एक रविवार. इतक्या अल्प वस्तूंसाठी ज्या मुलखातून माणसाला जावेसे वाटते, त्या मुलखाने त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणण्यापूर्वी त्याची गाडी थोडा वेळ थांबवून पाहावी.