फणसाची फळी आणि ताक

तंजावरला मी पहिल्यांदा गेलो तो १९९४ साली, सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी नाटकांची हस्तलिखिते वाचण्यासाठी. शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) नाटकांतील भाषा हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि पस्तिशीतल्या संशोधकापाशी असावा तेवढा अहंकार माझ्यापाशी होता. उतरलो होतो एका तंजावरी मराठी कुटुंबात. घरचे आजोबा निवृत्त शिक्षक. सुतारकाम हा त्यांचा छंद. मागच्या पडवीत ते तंजावरी चित्रांसाठी फणसाच्या फळ्या तयार करीत, आणि त्यांच्या सूनबाई त्यांवर चित्रे रंगवीत. तंजावरची वीणाही फणसाच्याच लाकडाची. ताजे कापलेले हे लाकूड पिवळे असते, पुढे तांबूस होत जाते, आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही.

या कामाला पेयांचे एक ठरलेले वेळापत्रक होते. पहाटे, रंधा हाती धरण्यापूर्वी, पितळी फिल्टरमधून उतरलेली कॉफी. रंधताना उडणारा भुसा घशाला लागतो, म्हणून उन्हे वर आली की आले, कढीपत्ता आणि हिंग घातलेले पातळ ताक. चिंचोक्याची खळ लावून फळीवर कापड बसवायचे असे त्या वेळी काहीच नाही. हात खळीने भरलेले. त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचे थर चढवून घोटायचे. ते काम संथ, त्यालाही ताकच. सोन्याचा वर्ख लावण्याच्या दिवशी मात्र सूनबाईंना कॉफी वर्ज्य, कारण म्हणे हात कापतो. हा आजोबांचा नियम. सूनबाई तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोडत असत, हे मी पाहिले आहे.

माझे लक्ष अर्थातच शब्दांकडे होते. कॉफी मागताना आजोबा तमिळ बोलत. ताक मागताना मराठी. पटाशीला ते 'उळी' म्हणत. हे सारे मी वहीत टिपले आणि समासात शेरा मारला: 'भ्रष्ट'.

तो शेरा किती उथळ होता हे कळायला मला फार वर्षे लागली. ताक या घराण्यांबरोबर सतराव्या शतकात, भोसल्यांच्या राज्याच्या आगेमागे, आपल्या नावासकट दक्षिणेत आले असणार. कॉफी तमिळ मध्यमवर्गाच्या घरांत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी, ए. आर. वेंकटाचलपती यांनी 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी' (२००६) या ग्रंथात तो इतिहास सांगितला आहे. ती शेजारघरांतून आली, म्हणून शेजाऱ्यांच्या भाषेत आली. आणि आजोबा पटाशी धरायला शिकले ते गावातल्या तमिळ सुतारांकडून. ज्याच्याकडून वस्तू घेतली त्याचाच शब्द घेतला. यात भ्रष्ट ते काय?

एके सकाळी त्यांनी रंधा माझ्या हाती दिला. नाटकांतील यतिभंग सहज हेरणारा मी, लाकडाची रेषा कोणीकडे जाते ते पाहिलेच नाही. उलट्या दिशेने जोर केला आणि फळीचा एक लांब कपचा उडाला. आजोबा काही बोलले नाहीत. "ताक आण," एवढे त्यांनी आत सांगितले. मी ते पीत असताना त्यांनी फळी पालथी केली आणि म्हणाले, "ही बाजू भिंतीकडे."

प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा 'भ्रष्ट' हा शब्द त्यात तसाच छापला गेला. एक प्रत मी तंजावरला पाठवली. आजोबांचे पोस्टकार्ड आले. पुस्तक पोचल्याचे लिहिले होते, त्या शब्दाविषयी अक्षर नव्हते. माझ्या फळीवर नवनीतकृष्ण पूर्ण झाल्याचे मात्र सविस्तर कळवले होते. मला ते पत्र अजून वाचवत नाही.

२०१९ साली पुन्हा गेलो. आजोबा राहिले नव्हते. पडवीत प्लायवूडचे तुकडे रचून ठेवले होते. आता बहुतेक चित्रे त्यावरच होतात. लोण्याचा गोळा हाती धरलेला कृष्ण बैठकीत टांगलेला होता. मी चौकट जरा भिंतीपासून दूर धरून मागे बोट फिरवले. खाच होती.

आजोबांच्या नातीने विचारले, काय घेणार? मी म्हणालो, "ताक." ती क्षणभर थांबली, हसली, आणि आत जाऊन कॉफी घेऊन आली. मी ती प्यालो.