बहात्तर तासांचं अंडं

बारावीला उत्क्रांतीचा धडा आला की वर्गात कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, गर्भात माणूस आधी मासा होतो ना?" पाठोपाठ मत्स्य, कूर्म, वराह येतात. फोंड्याच्या देवळांत आणि जत्रांत वाढलेल्या मुलांना हे सुचणारच. त्यांना मी नीट उत्तर देऊ शकते ते माझ्या कॉलेजच्या सरांमुळे. हे ऋण कधीतरी लिहून ठेवायचंच होतं.

सर पेडण्याचे. रात्र रात्र जागून दशावतारी काला पाहिलेले, घरी रोज पूजा करणारे. भ्रूणशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पोल्ट्रीची अंडी चालत नाहीत. कोंबड्याविना घातलेल्या त्या अंड्यांत गर्भच नसतो. म्हणून सर ओळखीच्या घरांतून गावठी अंडी आणत. ३८ अंशांवर ठेवलेलं बहात्तर तासांचं अंडं ते कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचे, बलकावर फिल्टर पेपरची कडी टेकवायचे, तिच्या कडेने कात्री फिरवून गर्भ अलगद उचलायचे. लाल रेघांच्या जाळ्यात एवढंसं हृदय उडत असायचं. डोक्याखाली घशाच्या कमानी आणि त्यांच्यामधल्या खाचा. मी वहीत झटकन 'कल्ले' लिहिलं. सर मागेच उभे होते. "बाये, दिसता तें बरय. दिसपाक जाय तें न्हय." म्हणजे दिसतं ते लिही, दिसायला हवं ते नाही.

मग त्यांनी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची गोष्ट सांगितली. गर्भ वाढताना पूर्वजांच्या पायऱ्या एकेक करून चढतो, हा त्याचा १८६६ चा सिद्धान्त. १८७४ च्या पुस्तकात त्याने मासा, कोंबडी, माणूस यांचे गर्भ खऱ्याहून अधिक सारखे काढले. विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने तेव्हाच त्याला धारेवर धरलं होतं. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खरे गर्भ शेजारी मांडून फरक दाखवले, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. उत्क्रांती नाकारणारे आजही तीच चित्रं पुढे करतात. सर म्हणायचे, आपल्या बाजूचं खोटं आपणच आधी काढून टाकावं. दशावतारांबद्दलही त्यांचं तेच मत. देव देव्हाऱ्यात, काला मांडावर. पुरावा म्हणून त्यांना प्रयोगशाळेत ओढू नये. देवभक्त माणसाने हे सांगितलं म्हणून ते माझ्या मनात रुजलं.

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात लिहिलं आहे की हेकेलचं म्हणणं भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअरच्या बारकाईच्या अभ्यासाने फेटाळलं गेलं. बेअरचा ग्रंथ १८२८ चा, हेकेलचा जन्म १८३४ चा! गर्भ दुसऱ्या प्राण्याच्या प्रौढ रूपातून जात नाही, सुरुवातीला फक्त दोघांचे गर्भ एकमेकांसारखे असतात, हे बेअरने आधीच सांगितलं होतं. चिठ्ठी लावायची राहिलेले दोन गर्भ सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, हे त्याला स्वतःलाही ओळखता येईना. डार्विनने या निरीक्षणाचा आधार घेतला. बेअरला मात्र डार्विन कधी पटला नाही. सरांना ही गोष्ट फार प्रिय होती, कारण न पटणाऱ्यानेही पाहिलेलं खरंच नोंदवलं होतं.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. मी रागारागाने सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "वर्गात हेकेलची चित्रं लावतेस?"

"नाही सर."

"मग बोल."

तेव्हापासून बोलते आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, त्यामुळे बारावीच्या मुलांना आता सगळं मुळापासून सांगावं लागतं. मी घशाच्या पहिल्या कमानीपासून सुरुवात करते. सरड्याच्या जबड्याचा सांधा या कमानीतल्या ज्या हाडांचा असतो, तीच आपल्या गर्भात कानाकडे सरकतात आणि हातोडी नि ऐरण होतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायशर्टने हे १८३७ मध्येच गर्भांत पाहिलं होतं. मुलं नकळत कानाला हात लावतात आणि मग प्रश्न सुरू होतात.